नाशिकहून एका दिवसात शिडाच्या बोटीची सफर: बोट कशी निवडायची?

सातपूरकर

नमस्कार मंडळी,

जानेवारीतल्या एखाद्या रविवारी नाशिकहून मुंबईला जाऊन शिडाच्या बोटीत अर्धा दिवस घालवायचा विचार आहे. मोटरबोट नको. तेवढ्यासाठी गंगापूर धरणावरचा बोट क्लब जवळ आहे. शीड उभारून, इंजिन बंद करून, निव्वळ वाऱ्यावर जाणारी बोट मुलांना दाखवायची आहे.

एकूण आठ जण आहोत. वडील ६८ वर्षांचे, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. दोन मुलं, ७ आणि ११ वर्षांची. पोहता फक्त तिघांना येतं.

चार ठिकाणी चौकशी केली. कुणी तासाचा दर सांगतं, कुणी माणशी. एकाकडे २४ फुटी बोट आहे, दुसऱ्याकडे ४० फुटी कॅटमरान, आणि दरात जवळपास तिपटीचा फरक. "सकाळी ८ ते १० घ्या, समुद्र शांत असतो" असं एकाने सुचवलं. दुसरा म्हणतो मांडव्याला जाऊन परत यायला तीन तास पुरतात. हे सगळं तोलायचं कसं? कोणते प्रश्न विचारले म्हणजे समोरच्याचं खरं-खोटं कळेल? आणि त्याच दिवशी नाशिकला परतता येईल का?

खारा_वारा

सातपूरकर, आधी वेळ ठरवा, बोट नंतर. शिडाच्या सफरीत पैसे वाया जातात ते बहुतेक चुकीच्या वेळेमुळे.

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे उपयोगी पडतात. हिवाळ्यात मुंबईच्या बंदरात पहाटेपासून जमिनीकडून मतलई वारा असतो. ऊन चढलं की तो मरतो, आणि साधारण १० ते १२ या वेळात पाणी आरशासारखं पडून असतं. जमीन तापली की दुपारी १ च्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, २ ते ५ मध्ये भरात असतो आणि सूर्य कलला की उतरतो. जानेवारीतल्या चांगल्या दुपारी ८ ते १२ नॉट वारा मिळतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी. शिडाच्या बोटीला ५ नॉटपेक्षा कमी वाऱ्यात जीव येत नाही, ८ ते १४ मध्ये मजा येते, आणि १८ च्या पुढे शीड आखडावं लागतं.

तुम्हाला सुचवलेली सकाळी ८ ते १० ची वेळ म्हणजे पहिला तास मरत चाललेल्या वाऱ्यात आणि दुसरा जवळपास वाऱ्याविना. समुद्र शांत असतो हे खरंच, पण तुम्हाला हवं ते नेमकं तेव्हा नसतं. मग इंजिन सुरू होतं आणि शीड फोटोपुरतं वर राहतं. "सनसेट" नावाने विकतात ती वेळ दिसायला सुंदर, पण तिचा शेवटचा अर्धा-पाऊण तास वारा पडलेला असतो. तुमचा हेतू पाहता दुपारी दीड ते साडेचार घ्या.

एक तासाची सफर घेऊच नका. बोट धक्क्याला लागलेली नसते, ती आत पाण्यात बोयाला बांधलेली असते. छोट्या होडीने तिथवर जायचं, चढायचं, जॅकेट घालायची, शीड उभारायचं, शेवटी हेच सगळं उलट्या क्रमाने. यात सहज अर्धा तास जातो. शिवाय वारा वायव्येचा असताना गेटवेसमोर कुलाब्याच्या इमारतींचा आडोसा पडतो, तिथे वारा तुटक येतो, आणि प्रवासी लाँचच्या लाटा बोट नुसती हलवत राहतात. सलग वारा लागायला किनाऱ्यापासून किलोमीटरभर तरी बाहेर जावं लागतं. तासाभरात तुम्ही त्या आडोशातच फिरून परत येता.

आता मांडवा. गेटवेपासून मांडवा साधारण १४ किमी, दक्षिणेला किंचित पूर्वेकडे. वारा वायव्येचा, म्हणजे जाताना तो पाठीशी. ५ नॉट वेगाने दीड तास. जाताना सगळं गोड वाटतं, कारण वाऱ्याच्याच दिशेने जाताना वारा जाणवतही नाही. येताना मात्र तोच वारा जवळजवळ नाकासमोर. शिडाची बोट वाऱ्याच्या रोखाला सुमारे ४५ अंशांपेक्षा जवळून जाऊ शकत नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी यावं लागतं. १४ किमीचे २० होतात, बोट कलते, नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, पाणी उडतं. दोन-सव्वादोन तास धरा. तीन तासांत मांडवा करून आणतो म्हणणारा परतीला इंजिन लावणार आहे, एवढं समजून घ्या.

तीन तासांसाठी घारापुरीच्या दिशेने जाणं उत्तम. ती दिशा पूर्व-ईशान्य, म्हणून वायव्य वारा जाताना आणि येताना दोन्ही वेळा बाजूने लागतो. बोट याच स्थितीत सगळ्यात वेगाने आणि सुखाने जाते, नागमोडी वळणं लागत नाहीत. बेटावर उतरायचं नाही, कारण पायऱ्या चढून लेणी पाहायला वेगळे दोनेक तास लागतात. (लेणी सोमवारी बंद असतात, हे वेगळ्याने जाणाऱ्यांसाठी.) वाटेत मोठ्या जहाजांचा मार्ग येतो. अरुंद मार्गात शिडाच्या बोटीनेच त्यांच्या वाटेतून बाजूला राहायचं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, म्हणून कुठून वळायचं ते स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, ठरवेल. त्यावर हुज्जत घालू नये. नौदलाची गोदी आणि मिडल ग्राउंड या नौदलाच्या बेटाच्या जवळ जाण्याचा आग्रहही धरू नका.

फोनवर एवढंच विचारा: "त्या दिवशी त्या वेळेला वारा कुठून असेल, आणि तीनपैकी किती वेळ इंजिन बंद असेल?" जो दिशा सांगतो आणि "वारा मिळाला तर दोन तास" असं अटीसह उत्तर देतो, त्याला काम येतं. "तुम्ही म्हणाल तसं करू सर" म्हणणाऱ्यापासून जपून राहा.

पाऊणपट

वरच्या प्रतिसादात वारा झाला, आता पाणी. वडिलांचे गुडघे लक्षात घेता ही बाजू जास्त महत्त्वाची आहे.

मुंबईला दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती-ओहोटीच्या पातळीत ४ मीटरहून जास्त फरक पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा फरक २ मीटरच्या आगेमागे. चार मीटर म्हणजे घराचा सव्वा मजला. उधाणाच्या ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर शेवाळ असतं, आणि होडी तिथून हलत्या पाण्यात पकडावी लागते. गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी सबंध सफरीतला धोक्याचा क्षण हाच. भर समुद्रात तो सुरक्षित बसलेला असतो.

वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. दोन्ही पक्षांना तीच रीत. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. षष्ठीला साडेचार. अष्टमीला सहा. अमावास्या किंवा पौर्णिमेला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी-नंतर. यात अर्धा ते एक तास इकडेतिकडे होतो, म्हणून दिवस ठरवायला ही रीत आणि तास ठरवायला छापील भरती कोष्टक किंवा भरतीचं अ‍ॅप वापरा.

तुमच्या दीड ते साडेचार या वेळेला हे लावून पाहा. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर. तुम्ही निघता तेव्हा पाणी उतरायला लागलेलं, परत येता तेव्हा तळाला चाललेलं. शेवाळाच्या पायऱ्या हमखास. याउलट पंचमी ते सप्तमीला साडेचारला पाणी भरलेलं किंवा भरत आलेलं असतं, धक्क्यावर पाऊल जवळजवळ सपाट पडतं. अष्टमीलाही परतताना ठीक, फक्त चढताना पाणी थोडं कमी असेल. पण भांगाची ओहोटी फार खोल जात नाही, त्यामुळे चालून जातं.

म्हणजे कालनिर्णय उघडा आणि पंचमी ते अष्टमीत येणारा रविवार शोधा. पक्ष कोणताही चालेल. दर दोन आठवड्यांनी रविवारी साधारण सारखीच स्थिती येते. या रविवारी नवमी-दशमी असेल तर पुढच्या रविवारी उधाणाजवळ असाल, आणि त्याच्या पुढच्याला पुन्हा आजच्यासारखं. रविवारच जमत नसेल तर शनिवारही पाहा, एक तिथी अलीकडे सरकली तरी पाऊण तास पदरात पडतो.

मांडव्याचा हट्ट असेल तर आणखी एक. ओहोटीचं पाणी बंदरातून बाहेर, दक्षिणेकडे वाहतं. उधाणाच्या दुपारी मांडव्याहून परत निघालात तर वारा तोंडावर आणि पाणीही तोंडावर. बोट पाण्यात ५ नॉट कापत असते आणि किनारा जागचा हलत नाही. अशा दिवशी शिडावर परत येणं अंधारापर्यंत लांबतं.

लोखंडी नांगर

दोघांनी मूळ गोष्टी नीट सांगितल्यात, आता बोटीकडे वळतो.

२४ फुटी म्हणजे बहुधा जे-२४ किंवा त्याच अंगाची. लांबी ७.३२ मीटर, सगळं मिळून सुमारे १४०० किलो, त्यातलं ४३० किलो कीलमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाखालच्या जड पात्यात. ही शर्यतीची बोट आहे, खेळकर आणि वाऱ्याला लगेच जाब देणारी. पण सावली नाही, धड संडास नाही, बसायला पाठ टेकत नाही, आणि दर वळणाला सगळ्यांनी वाकून बाजू बदलायची असते. तिच्यात दोन खलाशी धरून पाच-सहा माणसं पुरे. तुम्ही आठ अधिक दोन खलाशी म्हणजे दहा. तुम्हाला कुणी एका जे-२४ मध्ये आठ जण बसवतो म्हणाला, तर त्याच्याकडे दुसरी कुठलीही बोट घेऊ नका.

दुसरा पर्याय ३५ ते ४० फुटी एकहुडी, म्हणजे एकाच सांगाड्याची, यॉट. खाली केबिन, छोटा संडास, मागे छत्री. वाऱ्यात ती १५-२० अंश कलते. पहिल्यांदा बसणाऱ्याला बोट उलटतेय असं वाटतं. खालचं वजन तिला परत सरळ ओढत असतं, वारा जितका ढकलेल तितकं जास्त. वडिलांना मात्र त्या तिरप्या बैठकीत पाय रोवून बसावं लागेल, आणि गुडघ्यांना तेच जड जातं.

तिसरा, कॅटमरान. दोन हुड्या, ४० फुटीची रुंदी ६ मीटरच्या वर. जवळजवळ कलत नाही, सावली भरपूर, आणि मागे पाण्यालगत पायऱ्या असतात, त्यामुळे होडीतून चढणं सोपं. उणीव अशी की हलक्या वाऱ्यात ती सुस्त असते आणि वाऱ्याच्या तोंडावर फार जवळून जात नाही. तुमच्या आठ जणांत वडील आणि सात वर्षांचं मूल आहे, म्हणून मी कॅटमरान किंवा रुंद, छत्रीवाली एकहुडी यॉट सांगेन. वेळ दुपारचीच ठेवलीत तर तिची सुस्ती आड येणार नाही.

कागद मागायला संकोचू नका. बोटीची नोंदणी, चालू तारखेचं सर्व्हे प्रमाणपत्र, मंजूर प्रवासी संख्या, प्रवाशांसह विमा, आणि चालवणाऱ्याचा परवाना. राज्यात हा विषय महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे येतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, आणि प्रमाणपत्रावरचं बोटीचं नाव तुम्हाला देणार असलेल्या बोटीचंच आहे ना ते पाहा. मंजूर संख्येत खलाशी धरलेत की नाहीत, हेही विचारून घ्या. फरक इथेच लपतो.

बोटीवर स्किपर सोडून एक तरी खलाशी असलाच पाहिजे. कारण साधं आहे. कुणी पाण्यात पडलं तर एकाने त्या माणसावरून नजर न हलवता तो कुठे आहे ते हाताने दाखवत राहायचं असतं आणि दुसऱ्याने बोट वळवायची असते. एकटा स्किपर शीड, सुकाणू आणि पाहुणे असं तिन्ही सांभाळू शकत नाही.

चढल्यावर पाच मिनिटं या गोष्टी पाहा. जॅकेट माणशी एक आहेत का, आणि मुलांच्या मापाची वेगळी आहेत का. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घट्ट बांधून चालत नाही, पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवा. बांधल्यावर खांद्यांना धरून वर उचला. कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे. न पोहणाऱ्यांसाठी १०० न्यूटन किंवा जास्त उचल लिहिलेलं हवं, ५० न्यूटनवालं फक्त पोहणाऱ्यांच्या मदतीचं असतं. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या वाटेवर झालेला अपघात सगळ्यांना आठवतो. तशा वेळी जॅकेट शोधायला उसंत मिळत नाही. म्हणून आठही जणांनी होडीत पाय ठेवण्याआधीच घालायचं आणि परत धक्क्यावर येईपर्यंत काढायचं नाही.

मग मागे गोल तरंगती रिंग दोरीसह आहे का, पाण्यातून चढायची शिडी खाली पडते का, व्हीएचएफ रेडिओ सुरू आहे का. चॅनल १६ वर, म्हणजे मदत मागायच्या चॅनलवर, आवाज ऐकू आला पाहिजे. अग्निशामकाचा काटा हिरव्यात हवा. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४ सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

इंजिन कधी बंद झालं हे ओळखायचं असेल तर मागच्या एक्झॉस्टकडे बघा. डिझेल इंजिन समुद्राचं पाणी ओढून थंड राहतं आणि ते पाणी धुरासोबत बाहेर थुंकतं. पाणी उडतंय म्हणजे इंजिन चालू. मुंबईच्या पाण्यात बिघाड होतो तोही याच वाटेने. प्लॅस्टिकची पिशवी पाणी ओढायच्या तोंडावर चिकटते, पाणी थांबतं, भोंगा वाजतो. शिकलेला खलाशी लगेच इंजिन बंद करतो, गाळणी उघडून कचरा काढतो आणि दहा मिनिटांत पुन्हा सुरू करतो. तेवढा वेळ शीड असतंच. घाबरून जाऊ नका.

बूम म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाचा आडवा दांडा. वारा पाठीमागून असताना बोट थोडी जास्त वळली तर तो एका बाजूहून दुसऱ्या बाजूला झपकन येतो. डोक्याला लागण्याचं हे एक नंबरचं कारण. स्किपरने निघण्याआधी "बूम कुठून कुठे फिरतो, डोकं कुठे ठेवायचं" हे उभं राहून दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर विचारा. मुलांना त्याच्या कक्षेबाहेर बसवा आणि उभं राहून फोटो काढू नका.

सातपूरकर

फारच उपयोगी, तिघांचेही आभार. अजून दोन शंका. धाकट्याला घाटातसुद्धा उलटी होते, बोटीत काय करायचं? आणि जाण्या-येण्याचं गणित कुणी मांडेल का?

देवळालीकर

दीड ते साडेचार या वेळेला पंचवटी एक्सप्रेस चपखल बसते. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघून पावणेअकराच्या सुमारास सीएसएमटी. तिथून गेटवे टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. साडेअकराला हलकं जेवण, साडेबाराला धक्क्यावर. गेटवेला सुरक्षा तपासणी असते, रविवारी रांग मोठी असते, आणि प्रवासी यादीसाठी मोठ्यांचं ओळखपत्र मागतात. परतीची पंचवटी संध्याकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून सुटते. साडेचारला शीड उतरवायला सुरुवात झाली तर सव्वापाचला धक्क्यावर, आणि हाताशी तासभर राहतो. बोटवाल्याला बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा की सव्वापाचला पाय जमिनीला लागले पाहिजेत. जायच्या आधी गाडीच्या वेळा एकदा तपासा. हुकलीच तर रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या नाशिकरोडला थांबतात, पण आठ जणांना आयत्या वेळी जागा मिळणार नाही.

कारने यायचं तर जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून आमण्यापर्यंत खुला आहे, कसारा घाट टळतो. तिथून भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच. गेटवेजवळ रविवारी गाडी लावायला जागा शोधण्यात पाऊण तास सहज जातो. एकाने सगळ्यांना आधी उतरवून मग जागा शोधावी. गाडी चालवणारा उन्हातून आणि वाऱ्यातून आलेला असतो, परतीला डोळे जड होतात. यासाठीही मी रेल्वेच सांगेन.

आता उलटी. रिकामं पोट वाईट आणि भरलेलं त्याहून वाईट. त्या दिवशी मिसळ नको. सकाळी पोहे किंवा इडली, दुपारी दही-भात किंवा साधी पोळी-भाजी, निघायच्या दीड तास आधी. गोळी घ्यायची तर मळमळायला लागण्याआधी घ्यावी लागते, नंतर ती पोटात टिकतच नाही. ७ वर्षांच्या मुलाला कोणती आणि किती, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून एखाद्या सुट्टीला घरीच एकदा देऊन पाहायची का, तेही विचारा.

बोटीत त्याला मागच्या बाजूला, मध्यभागी बसवा. पुढे नाळेकडे झोका सर्वात जास्त असतो. केबिनमध्ये पाठवू नका. आत गेल्यावर कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांना भिंत स्थिर दिसते, त्या विसंवादानेच मळमळतं. मोबाईलवर मान घालणं त्याच कारणाने बंद. क्षितिजाकडे बघायला लावा. सर्वात गुणकारी म्हणजे स्किपरच्या नजरेखाली त्याला सुकाणू धरायला द्या. बोट पुढे कुठे वळणार हे ज्याला आधी कळतं, त्याला सहसा लागत नाही. उलटी आलीच तर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे बोट कलली असेल त्या बाजूला, कुणीतरी जॅकेट धरून ठेवून.

कपड्यांत पूर्ण बाह्यांचं सुती, दोरीची टोपी, पांढऱ्या तळाचे बूट. काळा तळ डेकवर डाग पाडतो आणि चप्पल दोरात अडकते. जानेवारीत परतताना वारा गार लागतो, एक विंडचीटर ठेवा. मोबाईलला पाणी न शिरणारी पिशवी. बोटीवरच्या संडासात कागदही टाकायचा नसतो, पंप तुंबला की स्किपरला सफर सोडून तेच करत बसावं लागतं. म्हणून सगळ्यांनी आधीच जाऊन यावं.

खारा_वारा

देवळालीकरांच्या वेळापत्रकाला दुजोरा. दराबद्दल राहिलं होतं. तुम्हाला दिसलेला तिपटीचा फरक बराचसा कागदावरचा असतो. माणशी दर असेल तर बोटीवर अनोळखी माणसं असतील का, ते विचारा. तासाचा दर असेल तर घड्याळ कधी सुरू होतं? धक्का सोडल्यावर, बोटीवर चढल्यावर, की ठरलेल्या वेळेला तुम्ही असा-नसा? वर जीएसटी, होडीचं भाडं, डिझेल, धक्क्याचं शुल्क, खलाशांची बक्षिसी यातलं काय धरलंय? सगळ्यांकडून तीन तासांची, आठ माणसांची, सर्व धरून एकच रक्कम मागा. मग २४ फुटी दोन बोटी आणि एक कॅटमरान यांच्यात फारसं अंतर राहत नाही.

सातपूरकर

शेवटचं. त्या दिवशी वाराच नसेल तर? किंवा फार असेल तर?

लोखंडी नांगर

दोन्ही आकडे आधीच ठरवा. घरच्या माणसांसाठी वरची मर्यादा १८ नॉट धरा. त्यापुढे बोट जाते, पण सात वर्षांच्या मुलाला आणि वडिलांना ते सोसणार नाही. हवामान खात्याने मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असा इशारा दिला असेल तर प्रश्नच नाही, पूर्ण रक्कम परत. जानेवारीत हे क्वचित घडतं. उत्तरेकडून थंडीची लाट उतरते तेव्हा एखाददोन दिवस वारा सोसाट्याने असतो, ते अंदाजात तीन दिवस आधी दिसतं.

कमी वाऱ्याचा तंटा जास्त वेळा होतो. "वारा नव्हता, आम्ही इंजिनवर फिरवलं, सफर झाली" असं म्हणायची त्यांना मोकळीक असते. ती आधीच बंद करा. विंडीसारख्या अ‍ॅपवर तीन दिवस आधी, मग आदल्या रात्री दुपारी २ ते ४ चा आकडा पाहा. ५ नॉटखाली दाखवत असेल तर तारीख बदलून मिळेल, असं ठरवून घ्या. पैसे परत करायला कुणी सहज तयार होत नाही, तारीख बदलायला बहुतेक होतात. बदललेली तारीखही पंचमी ते अष्टमीतलीच घ्या.

आगाऊ रक्कम भरण्याआधी एक संदेश पाठवून त्यावर "मान्य" असं उत्तर घ्या. त्यात बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, तारीख, दीड ते साडेचार, सव्वापाचला धक्क्यावर, आठ पाहुणे आणि दोन खलाशी, मुलांच्या मापाची दोन जॅकेट, घारापुरीच्या दिशेने जाऊन परत, वारा असेल तेवढा वेळ इंजिन बंद, सर्व धरून एकूण रक्कम, आणि ५ नॉटखाली किंवा १८ च्या वर तारीख बदलून, एवढं सगळं लिहा. "आम्ही दुसरी तशीच बोट देऊ" असं उत्तर आलं, तर त्या दुसऱ्या बोटीचेही कागद त्याच वेळी मागवा.